‘दुखत न्हाय, आग हुती’ हे समजून घेणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

भाद्रपदात आईला उजव्या बरगडीवर नागीण उठली. गावात करतात तसा आम्ही गेरू लावला, एका जाणत्याकडून ती उतरवूनही घेतली. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. आईचे हाल मात्र त्यानंतरच सुरू झाले.

तालुक्याला दोन ठिकाणी दाखवलं. “कुठं दुखतं?” विचारलं की आई म्हणायची, “दुखत न्हाय, नुसती आग हुती.” आग म्हटल्यावर पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. ईसीजी, एक्स-रे दोन्ही चांगले आले. इंजेक्शनं झाली, गुण नाही. शेवटी “वय झालंय, मनाला लावून घेऊ नका” ऐकून परतलो. एसटीत आई शब्दही बोलली नाही. आणि घरी आल्यावर मीसुद्धा तिला म्हणाले, “रिपोर्ट चांगले आहेत ना, मग?” ते आठवलं की अजून जीव कळवळतो.

संक्रांतीनंतर आम्ही तुमच्या आरोग्य केंद्रात आलो ते फक्त बीपीच्या गोळ्यांसाठी. मागे मोठी रांग होती. तुम्ही केसपेपरवरून नजर उचललीत आणि विचारलंत, “आजी, पदर असा अंगापासून लांब का धरलाय?”

चार महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही “आग म्हणजे कशी?” असं विचारत गेलात. निखारा ठेवल्यागत? मुंग्या येतात? मधनंच करंट मारतो? खाज सुटते? आई प्रत्येकाला मान हलवत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. तुम्ही कापसाचा बोळा आधी डाव्या बाजूला फिरवलात, मग उजव्या. उजवीकडे तो नुसता टेकला तर आई कळवळली. तिथंच जरा बाजूला टोचलेलं मात्र तिला कळलंच नाही. जिथं कातडी बधीर, तिथंच आग, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं दबून राहतो, उतारवयात उठतो आणि ती नसच दुखावून जातो, हे तुम्ही आईला तिच्या भाषेत सांगितलंत. पुरळ उठून ९० दिवस उलटले तरी आग राहिली, तर ते नसेचं दुखणं. त्यामुळे साध्या दुखण्याच्या गोळ्या तिथं फारशा लागू पडत नाहीत. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही आईची धास्तीही तुम्ही घालवलीत. त्या बाजूची नस अंगाच्या त्याच अर्ध्या भागात पसरते, म्हणून पुरळ सहसा मध्यरेषेशी थांबतं.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी लिहिण्याआधी तुम्ही जुना ईसीजी पाहिलात, काचबिंदू आहे का, लघवीला अडतं का, विचारलंत. रात्री १० मिलिग्रॅमची एक गोळी. “ही नैराश्यावरही देतात, मेडिकलवाला काही म्हणाला तर बंद करू नका. तोंड कोरडं पडेल, रात्री उठताना सावकाश उठा. गुण यायला काही आठवडे लागतील, आणि आग निम्म्यानं कमी झाली तरी औषध लागू पडलं समजा.” मेडिकलवाला खरंच तसं म्हणाला. तुम्ही आधी सांगितलं नसतं, तर मी तिथूनच गोळ्या परत केल्या असत्या.

पूर्ण गेलेलं नाही. पावसाळी हवेत अजून चमक येते. पण आई रात्री सलग झोपते.

शेजारच्या काकूंना साखर आहे. परवा त्या म्हणाल्या, “तळपाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, रात्री जळतात.” मी त्यांना मंगळवारी तुमच्याकडे घेऊन येते आहे. आणि अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखं पुरळ दिसलं तर गेरू बाजूला ठेवून ७२ तासांच्या आत केंद्रात जायचं, हे आमच्या आळीत आता घरोघर माहीत आहे.

आईनं पाडव्याला कित्येक महिन्यांनी काठाच्या साडीवर ब्लाऊज घातला. तुम्हाला सांग म्हणाली, म्हणून लिहिलं.

आपली,
तुमच्या पेशंट आजींची लेक