घरचा आहेर

बोस्टन, ११ नोव्हेंबर २०१२

ती. बाबा आणि ती. सौ. आईस सा. न.

पत्रास उशीर झाला, क्षमा असावी. सँडी वादळाचा खरा तडाखा न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कला बसला. आमच्याकडे दिवसभर सोसाट्याचा वारा होता आणि रात्री काही तास वीज नव्हती, एवढेच. जेवण वेळेवर होते, थंडीचे कपडे पुरेसे आहेत. आईने खरोखरच काळजी करू नये.

बाबा, बेकारी आठ टक्क्यांच्या आसपास असताना अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांपुढे हरले कसे, असे तुम्ही विचारले होते. कारणे अनेक आहेत. मला जानेवारीपासून जे दिसत आले, ते लिहिते. आपल्याकडे तिकीट वरून ठरते, इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात आणि रुसवेफुगवे बरेचसे बंद दाराआड राहतात. येथे मात्र पक्षाचा उमेदवार सामान्य मतदारच राज्याराज्यांतून मतदान करून निवडतात आणि त्याला प्रायमरी म्हणतात. म्हणजे एकाच पक्षाची माणसे कित्येक महिने भर सभेत आणि दूरचित्रवाणीवर एकमेकांचे वाभाडे काढतात आणि अखेर ज्याला नालायक ठरवले, त्याच्याच नावाने मते मागतात. पाच वर्षे येथे राहूनही मला हे पचलेले नाही.

रॉम्नींनी १९८४ मध्ये बेन कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला होता. ती कारखाने विकत घेते, कामगारांना काढते आणि नफा घेऊन बाहेर पडते, हा आरोप जानेवारीत त्यांच्याच पक्षाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या बाजूने झाला. त्यावर गिंग्रिच यांच्या समर्थकांनी जवळजवळ अर्ध्या तासाचा चित्रपटच दाखवला. टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी यांनी तर गिधाडांची उपमा दिली. ओबामांच्या माणसांनी हे प्रथम म्हटले असते, तर ते विरोधकांचे नेहमीचे बोलणे ठरले असते. पण तो घरचा आहेर होता, म्हणून लोकांच्या मनात राहिला. रॉम्नींनी हा मत्सर असल्याचे सांगितले, पुढे उमेदवारीही मिळवली आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. मे महिन्यात ओबामांच्या जाहिरातीत बेनने विकत घेतलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या कॅन्सस सिटीच्या पोलाद कारखान्याचे कामगार बोलू लागले आणि उन्हाळाभर ओहायोत तोच सूर घुमला. उत्तर द्यायला रॉम्नींकडे तेव्हा पैसाही मोकळा नव्हता, कारण प्रायमरीसाठीचा निधी संपत आला होता आणि मुख्य निवडणुकीसाठी जमवलेला निधी ऑगस्टअखेरच्या पक्षाच्या अधिवेशनापर्यंत वापरता येत नाही. त्यांना २ कोटी डॉलरचे कर्ज काढावे लागले.

दुसरा घाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतला. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कडक दिसण्यासाठी, कागदपत्रे नसलेले स्थलांतरित आपण होऊन परत जातील अशी परिस्थिती आणावी, असे ते फ्लोरिडातील वादसभेत म्हणाले; परवाच्या निवडणुकीत लॅटिनो मतदारांपैकी ७१ टक्के ओबामांकडे गेले. माझे कागद चोख आहेत, तेव्हा त्याची काळजी नको. पण त्या रात्री ऐकताना पोटात कालवले होते.

मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या लोकांना हे नवे नाही. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले येथलेच गव्हर्नर डुकाकिस यांना कैद्यांच्या रजेबद्दल पहिला टोचणारा प्रश्न अल गोर यांनी, म्हणजे त्यांच्याच पक्षातल्या माणसाने, एप्रिलच्या वादसभेत विचारला. उन्हाळ्यात रिपब्लिकन उमेदवार थोरले बुश यांच्या माणसांनी तो धागा पकडून रजेवर सुटून परत न येता गुन्हे केलेल्या विली हॉर्टन या कैद्याचे नाव घरोघर पोचवले आणि सतरा टक्क्यांनी पुढे असलेले डुकाकिस चाळीस राज्यांत हरले. प्रत्येक वेळी असे होत नाही, हेही खरे. २००८ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांनी ओबामांच्या अननुभवावर बोट ठेवले होते, तरी ते निवडून आले. मला वाटते, अनुभव नाही हा आरोप माणूस काम करून पुसू शकतो. तू आमचा नाहीस, हा आरोप तसा पुसला जात नाही.

आता नागपूरच्या स्थळाविषयी. मी नाही म्हटलेले नाही. डिसेंबरात त्यांच्याशी बोलेन. आत्याने मात्र चारचौघांत त्या मुलाच्या पगाराविषयी बोलणे थांबवावे, ही विनंती, कारण जुळलेच तर ते शब्द त्यांच्या घरी माझ्याआधी पोचलेले असतील. या महिन्यात पाठवलेले जादा पंधरा हजार आईच्या मोतीबिंदूसाठीच आहेत, ती शस्त्रक्रिया आता पुढे ढकलू नये. मार्चमध्ये येईन म्हणाले होते, पण रजा मे महिन्यातच मिळते आहे. परवा लक्ष्मीपूजनाला तुमच्याकडच्या संध्याकाळी फोन करीन. फराळ पोचला, एकही चकली मोडलेली नव्हती.

तुमची,
सुमा