ओके फॉर कॅमेरा

प्रिय सम्या,

सहा महिने तुझ्या मेसेजना नुसता अंगठा देतोय, माहितीय. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. इकडे सगळे बरे, बाबांची शुगर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच.

गेल्या आठवड्यात वाईला होतो. मुक्ताची डिप्लोमा फिल्म, कॅमेरा माझा. चार दिवस, पाच पोरं, पैसे नाहीत, जेवण तिच्या आजीच्या हातचं. पहिला दिवस मेणवलीच्या घाटावर. ती वसईहून आणलेली घंटा बघून तू आठवलास, असतास तर अख्ख्या युनिटला थांबवून चिमाजी आप्पा आणि १७३९ ऐकवलं असतंस आणि आमचं ऊन गेलं असतं.

तर तिसरा दिवस. आजीचंच स्वयंपाकघर, आजीच काम करणार, वय ७८. भाकरी थापता थापता नवऱ्याबद्दल बोला, एवढंच सांगितलेलं. ट्यूब बंद केली, खिडकीचा उजेड थर्माकोलवर बाउन्स केला, ८५ची लेन्स, तिचं तोंड (ॲपर्चर) १.८वर उघडं. सव्वा मीटरवर १.८ला शार्प किती राहतं, जेमतेम दोन सेंटीमीटर. फोकस पुलर, म्हणजे फोकस सांभाळणारा वेगळा माणूस नाही, ऑपरेट मीच, फोकसही मीच. असिस्टंट पोरगा म्हणालाही, दादा, तोंड बारीक करून चारवर जाऊया का, उजेडासाठी आयएसओ वाढवू. काही बिघडलं नसतं रे, शार्प राहायला दुप्पट जागा मिळाली असती. मी म्हटलं नको, मागची भांडी विरघळू देत.

टेकमध्ये आजींचं ठरलेलं बोलणं मध्येच सुटलं. "ते गेले तेव्हा माझे हात पिठात होते, दार उघडायला उशीर झाला," असं म्हणाल्या आणि चुलीत लाकूड सारायला पुढे वाकल्या. मॉनिटरवर पीकिंगचे, म्हणजे फोकस कुठे आहे ते दाखवणारे, लाल ठिपके डोळ्यांवरून निघाले आणि कानातल्या कुडीवर जाऊन बसले. कुडीचे मोती मोजून घे, आणि डोळे धुक्यात. माझा हात रिंगवर होता सम्या. फिरवला नाही. मी ऐकत होतो.

कट झाल्यावर कुणी हललं नाही, साउंडवाला पोरगा हेडफोन न काढताच डोळे पुसत होता. मुक्ताने विचारलं, "दादा, ओके फॉर कॅमेरा?" आणि मी म्हटलं, ओके. आजी परातीच्या कडेला बोटं निपटत म्हणाल्या, "झालं ना रे नीट?" झालं आजी, म्हटलं.

रात्री लॅपटॉपवर दोनशे टक्क्यांवर बघितलं. ११ सेकंद गेलीत, नेमकं तेच वाक्य. फोरकेचं फुल एचडी केलं तर थोडं झाकेल, पण मोठ्या पडद्यावर दिसणारच. हातांचे क्लोज घेतलेत, आवाज त्यांच्यावर टाकता येईल, पण चेहरा गेला तो गेलाच. चुकीपेक्षा ते 'ओके' जास्त टोचतंय. तेव्हाच खरं बोललो असतो तर? मुक्ताने दुसरा टेक मागितला असता आणि आजींना ते पुन्हा बोलावं लागलं असतं. यासाठी गप्प बसलो असं स्वतःला चार दिवस सांगून बघितलं, पण ते खरं नाहीये. त्या क्षणी मला फक्त सगळ्यांसमोर तोंड उघडायचं नव्हतं. ही पोरं मला दादा म्हणतात रे, मी म्हटलं की ओके म्हणजे ओके.

हे तुलाच का लिहितोय ते कळलं असेल. भरत नाट्यला, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत लाइट्सवर असताना तू ब्लॅकआउट उशिरा दिलास, शेवटचं वाक्य संपून ती पोरगी उजेडात तशीच उभी राहिली. तू म्हणालास, "अरे मी बघत राहिलो." मी त्याला सबब म्हटलं आणि दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. सॉरी यार, तू खरं सांगत होतास. (दुसऱ्या सीनचा स्पॉट मात्र तू चुकीच्या जागी लावलेलास, त्यावर मी अजूनही भांडेन.)

मुक्ता सोमवारी एडिटला बसणार. तिने स्वतः बघायच्या आधी उद्या सकाळी हार्डडिस्क घेऊन तिच्याकडे जातोय. आजींना परत ते बोलायला लावायचं नाही हे पहिल्याच वाक्यात सांगणार, बाकी ती काय ओरडायचं ते ओरडू दे.

बारशाला आलो नाही म्हणून वहिनी चिडल्यात का? नाव काय ठेवलंत शेवटी? नागपूरची बदली रद्द झाली की नाही तेही कळव, काकूंना नमस्कार.

उद्या दहाला निघतोय. त्याआधी फोन कर. झोपेत असलास तरी कर.

तुझा,
बंड्या