वरच्या खोलीला भाडेकरू बघू नका

सोलापूर, २२ मार्च

ती. आई-बाबांना सा. न.

पाडव्याला आई, तू विचारलंस, "तुझं ते घरून काम अजून किती दिवस चालायचं गं?" आणि मी "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला स्वच्छ येत होता. तेव्हापासून घास गोड लागत नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मध्येच रडशील, मग मीही, आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतील.

नोकरी मी डिसेंबरमध्येच सोडली. गड्ड्याच्या जत्रेला आले ती सुट्टी काढून नव्हे, सगळं सामान घेऊनच आले होते. दादाला ठाऊक होतं, पण मी त्याला शपथ घातली होती. त्याच्यावर चिडू नका. वहिनीला खरोखर माहीत नव्हतं.

कुणी काढलं नाही मला, भांडणही झालं नाही. चार वर्षं मोबाइलवरच्या खेळांसाठी सोन्याची नाणी काढत होते. चमकणारी, फिरणारी, फुटणारी नाणी. एकदा झोपेत आईच्या बांगड्या तशा फिरताना दिसल्या, तेव्हाच ठरलं होतं खरं तर. पैशांची काळजी करू नका. आठ महिने निघतील एवढे बाजूला आहेत आणि डोक्यावर हप्ता कसलाच नाही. मुलांच्या पुस्तकांच्या चित्रांची कामं पुण्याहून येतात. इथे एका कडक भाकरीवाल्या काकूंच्या पाकिटाचं डिझाइन केलं. त्यांनी अर्धे पैसे भाकरीतच दिले. आई, हसू नकोस, महिनाभर पुरल्या. शनिवार-रविवार एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं येतात. त्यांना पेन्सिलच शिकवते; टॅबलेटला हात लावायचा तर आधी स्थिरचित्रातला तांब्या सरळ उभा राहिला पाहिजे, असा नियम केलाय. हा नियम कुणाचा, ते बाबांना विचार.

आता बाबा, तुमच्याशी. आई, हे त्यांना सावकाश वाचून दाखव. स्वतः वाचू देऊ नकोस, डोळ्यावर ताण येईल.

माळ्यावरची पत्र्याची पेटी मी उघडली. विचारायला हवं होतं, चुकलं. चादरींच्या नक्षीचे तुमचे सगळे ग्राफ निघाले. वरचे दोन-तीन उंदरांनी थोडे कुरतडलेत. फक्त कडा गेल्या, नक्षी शाबूत आहे. एकेक सपाट करून, फोटो काढून कम्प्युटरवर घेतलेत. नवीन कापडात गुंडाळून डांबरगोळ्या टाकून ठेवलेत. पेटीच्या तळाशी १९७८ सालचा एक फॉर्म सापडला. त्याबद्दल मी काही विचारणार नाही. होता तसा परत ठेवलाय.

लहानपणी तुमच्या मांडीवर बसून मी लाल पेन्सिलीने चौकोन भरायचे आणि तुम्ही म्हणायचात, "एक चुकला तर मोराची मान मोडेल हं." पुण्यात पिक्सेल, पिक्सेल करून डोकं खाल्लं सगळ्यांनी. मला मनात हसूच यायचं. तोच चौकोन. चौकोन भरला की पुठ्ठ्याला भोक, भोक पडलं की हुक वर, हुक वर गेला की उभा धागा वर. फ्रान्सच्या जॅकार्डने मागावर हे १८०४ साली केलं आणि पुढे कम्प्युटरवाल्यांनी भोकांचे पुठ्ठे तिथूनच उचलले. म्हणजे आपल्या विणकरांच्या पूर्वभागात घरोघरी जे खडखडत होतं, त्याचंच मी फी भरून शिक्षण घेतलं!

मग मी एक उद्योग केला. सोलापुरी चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी असते, आणि इकडे जिथे लाल तिथे मागे पांढरं. आपण रोज अंगावर घेतो, त्यात काय बघायचं? पण मला वाटलं, एकच चित्र असं काढावं की सुलट बाजूला दिवस असेल आणि उलटलं की रात्र. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ काढलं. पंधरा दिवस स्क्रीनवर दोन रंगांत सगळं बसवत होते. मग वॉल हँगिंग विणणाऱ्या एका मागवाल्यांकडे गेले. तुम्ही त्यांच्या वडिलांना ओळखता, पण नाव लिहीत नाही, नाहीतर लगेच फोन कराल. ते आधी नकोच म्हणाले. तुमचं नाव सांगितल्यावर बसा म्हणाले, चहा आला, आणि दोन ऑर्डरींच्या मध्ये माग रिकामा होता तेव्हा माझं चित्र चढलं.

कापड उतरलं तेव्हा मालक म्हणाले, "अक्का, हे तर पिशवी झालं की!" खरंच. आभाळ मी मोकळं ठेवलं होतं. तेवढ्या भागात कापडाचे दोन पदर कुठे एकमेकांत गुंतलेच नाहीत, सुटे राहिले, फुगा आला. आत हात घातला तर मनगटापर्यंत गेला. स्क्रीनवर ते आभाळ इतकं देखणं दिसत होतं! रात्री तुमचे ग्राफ पुन्हा काढून बसले. प्रत्येक मोकळ्या जागी तुमची बारीक बुट्टी आहे. मला आजवर वाटायचं, बाबांना रिकामी जागा सहन होत नाही. आईच्या देव्हाऱ्यासारखं.

दुसऱ्या खेपेला आभाळात पाखरं सोडली. बऱ्यापैकी जमलंय.

इथे चित्रं काढणारी बरीच माणसं भेटली, आई, मी एकटी नाही. रविवारी सकाळी आठ-दहाजण भुईकोट किल्ल्यात नाहीतर तळ्याकाठी जमतो. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, रांगोळीवाल्या दोघी बहिणी आहेत, साइनबोर्ड रंगवणारे एक चाचा आहेत. फ्लेक्स आल्यावर चाचांचं काम गेलं, पण अक्षर असं की माझ्या फॉन्टांनी लाजावं. त्यांची बाराखडी मी कम्प्युटरवर उतरवतेय, 'ळ' काही केल्या जमत नाही. मागच्या महिन्यात एका शाळेच्या सभागृहात सगळ्यांनी मिळून चित्रं लावली. माझ्या चित्रांसमोर जो तो एकच विचारी, "हे कम्प्युटरने काढलं ना?" पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी "हो, मी फक्त चहा केला" म्हणू लागले. गंमत म्हणून त्या आपोआप चित्र काढणाऱ्या एआयला सोलापुरी चादर मागून बघितली. दोन माना असलेला मोर दिला त्याने. बाबांनी छडी घेतली असती.

गड्ड्यात पण काढत होते. मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यापासून नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे. उन्हात टॅबलेट काळा आरसा होतो, काही दिसत नाही. शेवटी ओढणी डोक्यावरून घेऊन तंबू केला आणि आत बसून सातही नंदीध्वज काढले. त्या लोकांच्या बाराबंदी अंगरख्याचं पांढरं अजून मनासारखं आलेलं नाही.

राहण्याखाण्याचं सगळं व्यवस्थित आहे. पाणी चार-पाच दिवसांनीच येतं, पण टाकीला झाकण नवीन बसवलंय आणि मोटर दुरुस्त केली. स्वयंपाक करते, रोज. शेंगाचटणी मिक्सरमध्ये केली, तेल सुटलं नाही, मग तुझा खलबत्ता काढला. शेजारच्या काकू रात्री दिवा बघून झोपतात. वरच्या खोलीत माझं टेबल लावलंय, म्हणून म्हणते, भाडेकरू बघू नका. भाड्याएवढे पैसे मी दर महिन्याला देईन. नको म्हणू नका, त्याशिवाय मला वर झोप लागणार नाही. तुमचा दिवाण हलवला, बाबा, पण खिडकीजवळच आहे. कोपऱ्यातली तुमची खुर्ची तशीच.

तुम्हाला आत्ता बोलवत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. एप्रिल-मेचं इथलं ऊन आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन, शक्यच नाही. पहिला पाऊस पडला की दादा हुतात्मा एक्स्प्रेसने आणून सोडेल. तोवर थेंब वेळेवर घालायचे. डोळा चोळायचा नाही, चोळला तर आईने हातावर मारायचं. वाकून चपला शोधायच्या नाहीत. आई, तुझी शुगर पाडव्यानंतर तपासलीस का? दादाने श्रीखंडाचा डबा किती किलोचा आणला होता ते मला कळलंय. गुडघ्याची पट्टी कपाटात ठेवण्यासाठी आणलेली नाही.

पत्रासोबत दुसऱ्या खेपेचं कापड पाठवतेय. बाबा, ते डोळ्याजवळ धरून बघायचं नाही, चष्मा मागायचा नाही. डोळे मिटून बसा आणि उलट्या बाजूने नुसता तळहात फिरवा. वरच्या डाव्या कोपऱ्यात, पाखरांच्या मागे, मला थोडा फुगा लागतोय. मागवाले म्हणतात नाही. तुमच्या हाताला काय लागतं ते दादाला सांगा, तो मला कळवेल. तिसऱ्या खेपेचे पुठ्ठे अजून पाडलेले नाहीत.

तुमची,
चिमी