विलायती बाभळीचे मूळ आधी शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तळ्याच्या नाहीतर नदीच्या पात्रातली विलायती बाभूळ वरवर तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते. मग परदेशी कीटक आणून तिचा बंदोबस्त करावा, ही सूचना होते. सूचना वाईट नाही. पण कीटक कुठून आणायचा हे झाड मुळात कुठले यावर ठरते, आणि तेवढ्यासाठी जुने दफ्तर पुरत नाही. डीएनए तपासावा लागतो.

हा क्रम चुकला की काय होते, ते आपल्या देशी बाभळीने ऑस्ट्रेलियात दाखवले आहे. क्वीन्सलँडच्या कृषी खात्याने १९२६ साली मेंढ्यांच्या सावलीसाठी ती लावायची शिफारस केली आणि १९५७ मध्ये तिलाच घातक तण ठरवले. पुढे मेंढ्या घटून गुरे वाढली. गुरांच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडते, त्यामुळे गवताळ माळांवर ती लाखो हेक्टर पसरली. १९८२ मध्ये पाकिस्तानातून बी पोखरणारा भुंगेरा आणून सोडला. नंतर शोध केनिया आणि दक्षिण आफ्रिकेकडे वळला. तिथल्या बाभळी मात्र वेगळ्या उपप्रजातींच्या. आपल्या बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांमध्ये आवळलेली असते. केनियातल्या उपप्रजातींत ती तशी नसते. आफ्रिकेतून नेलेला पाने खाणारा पतंग किनाऱ्याजवळ रुजला, आतल्या कोरड्या माळांवर नाही. यात हवामानाचाही वाटा आहे, सगळा दोष उपप्रजातीवर टाकता येणार नाही. ऑस्ट्रेलियातली बाभूळ मुख्यतः भारत-पाकिस्तानातल्या उपप्रजातीची आहे, हे जनुकीय तुलनेने २००५ च्या सुमारास पक्के झाले. त्यानंतर भारतातल्या बाभळींवर कीटक शोधले गेले. त्यांतले काही चाचणीत ऑस्ट्रेलियाच्या स्थानिक अकेशियांवरही (बाभळीच्या नात्यातल्या झाडांवर) जगले, म्हणून नाकारावे लागले. मूळ सापडले म्हणजे कीटक मिळालाच, असे नाही.

विलायती बाभळीचा गुंता याहून मोठा आहे. १८७७ पासून तिचे बी भारतात अनेक खेपांत आले; आंध्रातला कडप्पा हा सुरुवातीच्या लागवडींपैकी एक. तिच्या ‘ज्युलिफ्लोरा’ आणि ‘पॅलिडा’ या दोन जाती दिसायला इतक्या सारख्या, की पानावरून जाणकारही फसतात. पहिलीची गुणसूत्रे ५६, दुसरीची २८. म्हणून पहिली तपासणी गुणसूत्रांचे संच किती, याची. तिच्यासाठी कोवळे पान ओल्या कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत ताजे पोहोचायला हवे.

डीएनएसाठी प्रत्येक ठिकाणी किमान १५ ते २० झाडे निवडावीत, एकमेकांपासून ५० मीटरपेक्षा लांब. नाहीतर एकाच झाडाची पिले मोजली जातात. प्रत्येकाची तीन-चार कोवळी पाने कागदी पाकिटात घालून, पानांच्या वजनाच्या दहापट सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) असलेल्या बंद पिशवीत ठेवावीत. जेलचा रंग बदलला की ते त्याच दिवशी बदलायचे. पान हळू सुकले, तपकिरी पडले, की डीएनए तुटतो. नोंद पेन्सिलीने करावी, शाई पसरते. फूल-शेंगेसह एक फांदी दाबून ठेवायलाच हवी, कारण नाव पुढे बदलले तर पडताळायला तीच उरते. (२०२२ मध्ये या झाडाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द ‘प्रोसोपिस’ बदलून ‘नेल्टुमा’ झालाच आहे.)

या पानांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, त्यामुळे डीएनए वेगळा काढण्याच्या सीटॅब पद्धतीत टॅनिन बांधून ठेवणारे पीव्हीपी न घातल्यास द्रावण काळवंडते आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणे, होत नाही. हरितलवकाचा डीएनए बहुधा आईकडून येतो. तो बियाण्याची वाट दाखवतो. संकर झाला का, हे मायक्रोसॅटेलाइटवरून, म्हणजे डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून कळते. ज्युलिफ्लोराचे गुणसूत्रसंच चार असल्याने डीएनएच्या एका जागी आलेखात चार शिखरेही दिसतात. दोनच संच गृहीत धरणारे सॉफ्टवेअर इथे चुकीचे उत्तर देते, आणि तेही ठामपणे.

सर्वांत महाग चूक म्हणजे मूळ प्रदेशातले नमुने न घेणे. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे, पेरू इथले नमुने तुलनेला नसतील तर संगणक हाती असलेल्यांतला सर्वांत जवळचा प्रदेश ‘मूळ’ म्हणून सांगतो. आपले नमुने बाहेर पाठवायचे तर जैवविविधता कायदा, २००२ ची परवानगी आधी घ्यावी. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांतले जुने नमुनेही तपासावेत. त्यांतला डीएनए तुटलेला असणार हे धरून छोटे तुकडेच वाचायचे.

कोणताही कीटक आणण्यापूर्वी तो शमीवर जगतो का, हे पाहणे अनिवार्य असावे. दसऱ्याला जिची पूजा करतो, ती शमी विलायती बाभळीची जवळची नातलग आहे.

वनविभाग आणि राज्य जैवविविधता मंडळाला विनंती, की झाडे काढण्याच्या प्रत्येक निविदेत नमुने घेण्याची अट घालावी. पाने आधी घ्यावीत, मग बुंधा जमिनीखाली २० ते ३० सेंटीमीटरवर, फुटव्याच्या गाठीसकट तोडावा.

आपले,
वनस्पती-जनुकशास्त्राचे अभ्यासक, पुणे