एफडी मोडू नका

श्टुटगार्ट, जर्मनी,
२१ सप्टेंबर २०२५, रविवार

ती. आई आणि बाबा यांना सा. न. वि. वि.

(बरोबर जमलं ना, बाबा? तुम्हीच शिकवलंत.)

फोनवर पैशांचा विषय निघाला की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून हे पत्र. पत्र काही आईकडे देता येणार नाही.

आधी मुख्य ते सांगून टाकते. दिवाळीला मी येत नाहीये. तिकिटाचे पैसे घराच्या डिपॉझिटमध्ये गेले. खोली सोडून स्वतंत्र घर घ्यायचं मी तुम्हाला न विचारता ठरवलं, हे खरं. पण तिथे पाच जणांत एक बाथरूम होतं, आणि आई, तू दिलेल्या कुकरच्या शिट्टीवरून रोज कुरकुर व्हायची. इथे स्वयंपाकघर माझं एकटीचं आहे. काल पहिल्यांदा मनसोक्त फोडणी घातली. नुसतं भाडं ६४० युरो, हीटिंग वगैरे धरून ८६०. डिपॉझिट तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि भाडेकरू ते तीन हप्त्यांत देऊ शकतो, असा इथे कायदाच आहे. माझे दोन हप्ते भरून झालेत. मालकाला ती रक्कम स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाही, वेगळी ठेवावी लागते. त्यामुळे पतसंस्थेचं झालं तसं होईल, ही भीती डोक्यातून काढा.

आणि एफडी मोडू नका. अर्ज लिहून कपाटात ठेवलाय, हे मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका आणि तिच्यावर चिडूही नका.

सुरुवातीचे दोन महिने मी ‘सगळं छान’ म्हणत होते, तेव्हा तसं नव्हतं. खातं उघडायला नोंदवलेला पत्ता हवा, पत्ता नोंदवायला घरमालकाच्या सहीचा कागद हवा, आणि घर बघायला जावं तर पहिला प्रश्न पगाराचा आणि बँकेचा. टॅक्स नंबर पोस्टाने येतो. तो यायच्या आतच पहिला पगार झाला, आणि नंबर नसेल तर सगळ्यात चढा कर कापतात. हातात आलेला आकडा बघून ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. पुढच्या पगारात जास्तीचे परत आले, तेव्हा उगाच रडले असं वाटलं. मग इथे शूफा म्हणून प्रकार आहे, माणूस देणी वेळेवर देतो की नाही याची नोंद. माझ्या नावावर काहीच नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. आपण कोणाचे दहा रुपये कधी बुडवले नाहीत, पण ते इथे कोणाला माहीत?

आता बसलीये घडी. बाबा, तुमच्यासारखी वही घातलीये, उजवीकडे खर्च, खाली लाल रेघ. घरात टीव्ही नाही तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी घरटी महिन्याला १८.३६ युरो द्यावीच लागते. तुम्ही असतात तर भांडला असतात. आई, तुझ्या आवडीची गोष्ट म्हणजे रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. मी बाटल्या पिशवीत भरून नेते तेव्हा धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या आठवतात. त्यांच्या पैशांतून मला रंगपेटी आणली होतीस.

आता आपलं जॉइंट खातं. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करायचा अर्ज मी दिला. परदेशात राहायला गेल्यावर साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, नियमच आहे. बाबा, ‘म्हणजे आता तू अनिवासी’ असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तो बँकेच्या फॉर्मवरचा एक रकाना आहे हो. माझ्या खोलीतला पंखा अजून माझाच आहे ना?

तुमचं नाव खात्यावर राहणार आहे. फक्त मी इथे असताना पैसे काढायला तुम्हाला माझं अधिकारपत्र लागेल. ते कुरिअरने येतंय. गणपती पेठेतल्या शाखेत सकाळी जा, जेवून जा, आईला सोबत न्या. फोनवर कोणी खातं बंद होतंय म्हणालं तर ओटीपी सांगू नका, मराठीत गोड बोललं तरी नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका. आई, साखर तपासून रिपोर्टचा फोटो पाठव. पूर्ण कागदाचा, तुला बरा वाटेल तेवढ्याच भागाचा नको.

उद्या घट बसतील. फेब्रुवारीचं तिकीट बघतेय, नक्की.

तुमची,
चिमणी

ता. क. बाबा, फॉर्मवरची सही बँकेत आहे तशीच यायला हवी. हात थरथरला तर घाई करू नका. पेन खाली ठेवा, पाणी प्या, मग करा. कोरे फॉर्म मी तीन जास्तीचे पाठवलेत.