दादा, छोटूच्या अकादमीबद्दल

लंडन, रविवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितेय. छोटूला शाळेतून काढून निवासी फुटबॉल अकादमीत घालायचं तुझ्या डोक्यात बसलंय, आणि वर तू मलाच इथल्या आर्सेनल फुटबॉल क्लबचे दाखले देतोस.

आर्सेनलचा तुझा लाडका मेर्टेसाकरच घे. साडेसहा फुटी जर्मन बचावपटू, देशासाठी 104 सामने, 2014 चा विश्वविजेता. 2016-17 चा अख्खा मोसम गुडघ्यापायी गेला, सुरुवातीपासून खेळला तो एकच सामना, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद स्पर्धेची फायनल, आणि चेल्सीला 2-1 नं हरवलं. हे तू शंभरदा सांगितलंस. पुढचं सांगत नाहीस. 2018 मध्ये बूट उतरवायच्या तोंडावर त्यानं एका जर्मन साप्ताहिकाला सांगितलं, की सामन्याआधी त्याला ओकारीचे उमाळे यायचे. 2006 च्या घरच्या वर्ल्ड कपमध्ये इटलीनं सेमीफायनलला हरवलं, तेव्हा वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. जर्मनीचा जुना कर्णधार लोथार माथेउसनं लगेच विचारलं, असा माणूस पोरांना काय शिकवणार? मी म्हणते, पोरं सोपवावीत तर अशाच माणसाकडं. आर्सेनलनं सोपवलीच. 2018 पासून कित्येक वर्षं त्यांची अकादमी त्यानं सांभाळली.

आणि हा गडी तरुणपणी हॅनोवर क्लबकडून बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सर्वात वरची लीग, खेळत असतानाच, सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी मनोरुग्णालयात काम करत होता. फुटबॉलच्या बाहेरचं जग त्यानं बघितलेलं होतं.

तू आता आर्सेनलच्याच अकादमीतल्या एथन न्वानेरीचं नाव काढशील. 2022 मध्ये पंधराव्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, उतरला, खरंय. त्याच्याबरोबर चेंडू मारायला लागलेली बाकीची पोरं आज काय करतात, हे कुणी विचारतं का?

इथं दहा-अकरा वर्षांच्या पोरांना मोठ्या मैदानावर अकरा-अकरात खेळवत नाहीत. मैदान लहान, गडी कमी, चेंडू चार नंबरचा. मग प्रत्येकाच्या पायाला चेंडू सारखा लागतो. आपल्या सोलापुरात होम मैदानावर छोटूचं तेच चाललंय की! गड्डा यात्रेच्या दिवसांत मैदान मिळत नाही तेव्हा गल्लीत खेळतो, तेही चालतंय. उन्हाळ्यात मात्र सकाळी आठच्या आत आटपत जा, सोलापूरचं ऊन मी तुला काय सांगू.

आणि बाहेरून ओरडणं बंद कर. पाठवलेल्या व्हिडिओत पोरांपेक्षा तुझंच "मार, मार!" जास्त ऐकू येतंय. पास द्यायचा का मारायचा, ते त्याला ठरवू दे.

अकादमीचे पैसे भरले नसशील तर दहावीपर्यंत थांब. भरले असशील तर परत मागायला वहिनींना पाठव, तुझ्यानं ते व्हायचं नाही.

आईला सांग, शेंगा चटणी पोचली, निम्मी संपली. छोटूचा पाय कागदावर ठेवून माप काढ आणि फोटो पाठव, डिसेंबरात येताना बूट आणते. एक नंबर मोठेच घेईन.

तुझी,
धाकटी