त्या रात्री फोन का केला नाही

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा दवाखान्यात तू बाळाला मांडीवर घेतलंस, त्याची दृष्ट काढलीस, पण माझ्याशी धड बोलली नाहीस. बाबा दारातच उभे. जाताना एवढंच म्हणाले, "रात्री एक फोन करायचा होतास पोरी." तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून धाकट्याच्या हाती ही चिठ्ठी देते आहे.

पहिलं बाळंतपण माहेरीच, हे मलाही हवं होतं. तू मधली खोली सारवून ठेवली होतीस, खिडकीला जाळी बसवून घेतली होतीस, सगळं कळलं मला. पण आपल्या गावाहून रात्री-अपरात्री मोठा दवाखाना गाठायचा म्हणजे यवतमाळ, दीड तास. इथून वर्धा वीस मिनिटं. शिवाय तिथे यांना शेवटपर्यंत माझ्याजवळ थांबू देणार होते. ही दोन्ही कारणं खरीच आहेत. तिसरं मात्र मी तुमच्यापासून लपवलं.

आई, माझ्या जन्माची गोष्ट तू किती वेळा सांगितलीस. ती बैलबंडी, तो नाल्याचा पूर, आणि "ओरडू नको" म्हणत त्या बाईने तुला मारलेली चापट. तू भोगलंस ते, सांगणारच. पण सातव्या महिन्यापासून मला झोपेत तीच बंडी दिसायला लागली. दचकून उठायची आणि पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही.

तपासणीच्या वेळी एका सिस्टरला हे सांगितलं, तेव्हा त्यांनी हिप्नोबर्थिंग शिकवलं, म्हणजे श्वास आणि मन शांत ठेवून बाळंत होण्याची पद्धत. तू म्हणाली होतीस, "हे मंतर-तंतर कायले व बाई?" मंतर नाही गं. मी एक क्षणही बेशुद्ध नव्हते. बाबा, तुम्ही पेपर जाहिरातींसकट वाचता, म्हणून नीट सांगते. माणूस घाबरला की अंग आखडतं, भीतीचं संप्रेरक अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन मागे पडतं. आखडलेल्या अंगाला कळ जास्त लागते, मग भीती आणखी वाढते. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी हे चक्र 1930 च्या दशकातच मांडलं होतं. पुढे 1989 मध्ये अमेरिकेतल्या मेरी मोंगन यांनी त्यावरून श्वासाचा, अंग सैल सोडण्याचा हा अभ्यास बसवला. तुम्हाला हे नवीन नाही, बाबा. गाय विणार असली की कोठ्यातला दिवा बारीक करून आम्हा पोरांना तुम्हीच ओरडायचात ना, गलका करू नका म्हणून?

रोज रात्री अर्धा तास डोळे मिटून पडायचं, चार मोजत श्वास घ्यायचा, आठ मोजत सोडायचा. कळेला कळ म्हणायचं नाही, लाट म्हणायचं. मोबाइलवरचं इंग्रजी ऐकून माझं मन लागेना, म्हणून यांनी स्वतःच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड करून दिलं. सिस्टर म्हणाल्या, आवडीची शांत जागा मनात धरा. मी आपली विहीर धरली. उन्हाळ्यात बाबा आम्हाला दुपारी तिथे बसवायचे ना, शेवाळाचा वास, पाण्यावर पडलेली लिंबाची पानं. हे दहापासून उलटे आकडे म्हणायचे आणि मी एकेक पायरी उतरायची.

त्या रात्री सातला लाटा सुरू झाल्या. अकराला दवाखान्यात गेलो. खोलीतला मोठा दिवा बंद केला होता. सिस्टर दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके बघत होत्या, गरज पडली तर ऑपरेशनची तयारी होतीच. दुखलं का? दुखलं आई, खूप दुखलं. पहाटे चारच्या सुमाराला तर यांचा हात झिडकारून ओरडले, मला नाही जमत. कोणी रागावलं नाही. ह्यांनी पुन्हा दहापासून सुरुवात केली. सहा वाजून दहा मिनिटांनी बाळ झालं आणि ओलंचिंब तसंच माझ्या छातीवर ठेवलं. नाळ लगेच कापली नाही. माझ्या बोटाखाली ती नाडीसारखी उडत होती. तेव्हा मला तू हवी होतीस.

आता ते तिसरं कारण. तुझा आवाज ऐकला असता तर तू रडली असतीस, आणि ती बंडी पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे आली असती. तुझ्या भीतीनेच मला भीती वाटते, अजूनही, लहानपणी वीज कडाडली की तुझ्याकडे बघायची तशी. म्हणून तिकडे आले नाही, आणि म्हणूनच फोनही केला नाही. तुला दुखवलं, त्याची मला माफी दे.

सव्वा महिना मी इथेच राहणार, हे ठरलंय. पण बाळाला न्हाऊ तुझ्याच हातचं हवं, म्हणून तू ये. इकडच्या आईंनीच खोली आवरून ठेवली आहे. पलंग उंच आहे, गुडघे वाकवावे लागणार नाहीत. गरम पाणी चोवीस तास. अर्धं तिकीट आहे म्हणून एसटीनेच येईन म्हणू नकोस, रविवारी गाडी येईल. डिंकाचे लाडू आण, बाळंतशेपा आण. घुट्टी आणि मध मात्र आणू नकोस, सहा महिने फक्त माझं दूध. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, शेक आपण पिशवीने घेऊ.

बाबा, काकूंना डब्याचं सांगितलंय. बीपीची गोळी सकाळी चहाआधी नाही, खाऊन घ्यायची. रात्री हरभऱ्याच्या जागलीला जायचं नाही. रोही खाईल तेवढं खाऊ दे, थंडी फार आहे. धाकटा जाईल.

आणि एक काम. यांनी विहिरीच्या पायऱ्या अंदाजाने दहा धरल्या होत्या. खरंच किती आहेत ते बघून सांगा. वरूनच मोजा, उतरू नका.

तुमची,
चिमी